सिंकखालचा थेंब कुणाच्या खात्यावर?



आजचा विषय पूजेचा नाही आणि पाककृतीचाही नाही. सिंकखाली, बेसिनखाली, गिझरच्या शेजारी पाणी बंद करायचे जे छोटे कॉक असतात, त्यांच्याविषयी लिहिणार आहे. बहुतेक घरांत त्यांतला एखादा तरी गळत असतो. खाली वाटी नाहीतर जुनं फडकं ठेवलेलं असतं आणि "प्लंबर आला की बघू" म्हणत महिने जातात.

माझं मत आधीच सांगून टाकते. पाणी गाळून वापरणाऱ्या घरात गळका कॉक आठवडाभरसुद्धा तसाच राहता कामा नये. आणि तो कुठून गळतो, बंद कसा करायचा, नीट कसा करून घ्यायचा हे घरातल्या बाईला माहीत असलंच पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत आपण किती काटेकोर असतो ते बघा. नळाच्या तोंडाला पांढऱ्या कापडाची पिशवी बांधतो. दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी ४८ मिनिटं चालतं, नंतर पुन्हा गाळायचं, हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं असतं. उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तास, हेही पाठ असतं. चौका लावायचा असला की विहिरीचं पाणी काढतो, गाळतो आणि फडक्यावर राहिलेली जिवाणी पुन्हा त्याच विहिरीत पोचवतो. तीही वरून ओतायची नाही. तळाला कडी असलेल्या भांड्यातून पाण्यापर्यंत हलकेच खाली सोडायची आणि मगच भांडं उलटं करायचं. कशासाठी? तर ते जीव जिथले तिथं सुखरूप परत जावेत.

एवढं सगळं करणाऱ्या आपल्याच घरी, ज्या नळाला पिशवी बांधलेली आहे त्याच नळाच्या खालच्या कॉकमधून न गाळलेलं पाणी रात्रंदिवस ठिबकत असतं. हे मला पटत नाही.

गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, हे आपण जाणतो. स्वयंपाक आहे, आंघोळ आहे, धुणं-भांडी आहेत. त्यात अप्काय जीव दुखावतात, म्हणून आपण मर्यादा घालून घेतो, चातुर्मासात ती आणखी कडक करतो. पण कॉकमधून गळणाऱ्या पाण्यानं भात शिजत नाही, कपडा धुतला जात नाही, कुणाची तहान भागत नाही. ते आरंभातसुद्धा बसत नाही. त्याला अनर्थदंड म्हणायचं. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं हे सगळं त्यात येतं. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, आळस. आपल्या घरातल्या भाषेत सांगायचं तर "बघू नंतर".

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा थेंबाचं काय घेऊन बसलात? मी कॉमर्सची पदवीधर आहे. मला अंदाज आवडत नाही, आकडा लागतो. मागच्या वर्षी धाकट्या जावेकडे गेले होते. तिच्या सिंकखाली कॉक गळत होता. ती म्हणाली, "अक्का, थोडंसंच गळतंय हो." मी मोजमापाचा पेला खाली ठेवला आणि घड्याळ लावलं. एका तासात २०० मिलिलिटर पाणी जमलं. एक मोठी वाटी, बस.

आता हिशेब मांडा. तासाला २०० मिलिलिटर म्हणजे दिवसाला ४.८ लिटर. महिन्याला १४४ लिटर. वर्षाला १,७५२ लिटर. गच्चीवरची १,००० लिटरची काळी टाकी पावणेदोन वेळा भरेल एवढं. सरकार खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट ठेवतं. त्या मापानं हे एका माणसाचं जवळजवळ ३२ दिवसांचं पाणी झालं.

आपल्या सांगली-मिरजेच्या बायकांना आणखी एक हिशेब कळेल. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवलं होतं. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी गेलं, तेव्हा आपल्या सगळ्यांना केवढं समाधान वाटलं होतं! जावेकडच्यासारखे २८५ कॉक वर्षभर गळले, की त्या एका गाडीएवढं पाणी गेलं. आपल्या गावात असे कॉक किती असतील, तुम्हीच विचार करा.

"आम्ही वाया घालवत नाही, वाटीतलं पाणी कुंड्यांना घालतो," असंही काही जणी सांगतात. दोन-चार दिवस ठीक आहे. पण बंद कपाटातली ती वाटी रोज आठवणीनं कोण रिकामी करतं? साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डास तयार होतात. कपाटाची फळी फुगते, तिला बुरशी धरते. ओल आली की झुरळं आली. झुरळं वाढली की एक दिवस औषध मारणाऱ्या माणसाला फोन जातो. मग चालते-फिरते त्रस जीव शेकड्यांनी मरतात आणि आपण देवळात जाऊन प्रायश्चित्त विचारतो. त्या सगळ्याची सुरुवात एका ढिल्या नटापासून झालेली असते. झुरळांना दूर ठेवायचा सगळ्यात अहिंसक उपाय कोणता, असं मला विचाराल तर मी सांगेन, सिंकखालची जागा कोरडी ठेवा.

म्हणून आता कामाचं बोलू. मी काही प्लंबर नाही. पण इतक्या वर्षांत घरात जेवढं काम झालं ते शेजारी उभं राहून बघितलं, विचारलं आणि लक्षात ठेवलं.

पहिली गोष्ट, आपल्या घरात कॉक कोणत्या जातीचे आहेत ते बघा. सिंक, बेसिन, फ्लशची टाकी, गिझर यांच्याजवळ भिंतीतून निघून काटकोनात वळणारा छोटा कॉक असतो, तो अँगल कॉक. गच्चीवरच्या टाकीजवळ किंवा जुन्या घरात मेन लाइनवर चाकासारख्या मुठीचा पितळी व्हॉल्व्ह असतो, तो गेट व्हॉल्व्ह. तो बंद करायला बऱ्याच फेऱ्या फिरवाव्या लागतात. लांब दांडीचा असतो तो बॉल व्हॉल्व्ह. दांडी पाइपाच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. लांबूनसुद्धा कळतं, म्हणून मला तोच सगळ्यात सोयीचा वाटतो.

दुसरी गोष्ट, गळतंय नक्की कुठून ते शोधा. पाणी निघतं एकीकडून आणि थेंब लोंबतो भलतीकडेच. कॉक कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. मग कागदाचा कोरडा तुकडा एकेका जागेला वरपासून खालपर्यंत लावत या. जिथं कागद आधी ओला होईल, तिथं गळती.

मूठ जिथून आत जाते, तिथून पाणी येत असेल तर बहुतेक वेळा दुखणं किरकोळ असतं. मुठीखाली एक नट असतो. त्याच्या आत पाणी अडवणारं पॅकिंग भरलेलं असतं. वर्षानुवर्षं फिरवून ते बसतं, नट सैल होतो. एका पान्यानं कॉकचं अंग धरायचं, म्हणजे मागचा पाइप फिरणार नाही, आणि दुसऱ्या पान्यानं तो नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं अगदी थोडा, फेरीचा आठवा हिस्सा, आवळायचा. पुसून बघायचं. थांबलं नसेल तर आणखी तेवढाच. मूठ फिरवायला जड जायला लागली तर जास्त आवळलं गेलं असं समजायचं आणि थोडं मागं यायचं. जावेकडचा कॉक एवढ्यानंच थांबला. एक पैसा खर्च झाला नाही. एवढं करूनही थांबलं नाही, तर मागचं पाणी बंद करून नवं पॅकिंग भरावं लागतं.

कॉक जिथं पाइपाला जोडलेला असतो त्या आट्यांतून पाणी येत असेल, तर नुसतं आवळून भागत नाही. मागचं पाणी बंद करून, कॉक काढून, आटे पुसून नवी टेफ्लॉन टेप गुंडाळावी लागते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर टेप घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर बसवताना सुटून येते. कॉक पूर्ण बंद केला तरी पुढच्या नळातून थेंब पडत राहत असेल, तर आतला वॉशर झिजला असेल, नाहीतर तो जिथं टेकतो त्या जागेवर क्षार साठले असतील. नव्या अर्ध्या-पाव फेरीच्या कॉकमध्ये वॉशर नसतो, तिथं आतला अख्खा स्पिंडल बदलतात. आणि कॉकच्या अंगालाच बारीक चीर गेली असेल तर दुरुस्ती नाही, नवा घ्यायचा. वरून लांबी थापून ठेवतात ते मला मुळीच पसंत नाही. मुठीच्या नटावर लांबी बसली की कॉक फिरायचाच थांबतो, म्हणजे गरज पडली तेव्हा तो निकामी.

सगळं स्वतःच करा असं माझं म्हणणं नाही. भिंतीच्या आत दडवलेला कॉक, गंजलेला जुना लोखंडी पाइप, चिकटवलेले प्लास्टिकचे पाइप, तिथं हात घालू नका. जोर लावला आणि पाइप आतून तुटला तर भिंत फोडावी लागते. गिझरजवळच्या कॉकला हात लावायच्या आधी गिझरचं बटण बंद करा आणि पाणी निवू द्या. घराचं पाणी बंद ठेवणार असाल तेव्हाही गिझर बंदच ठेवा. गुडघे दुखतात, वाकवत नाही, तर कुणाला तरी वाकायला सांगा. माहिती आपल्याकडे असली म्हणजे झालं.

या माहितीचा उपयोग प्लंबरला फोन करतानाही होतो. "सिंकखाली गळतंय" एवढंच सांगितलं तर तो आधी बघायला येतो, मग सामान आणायला जातो आणि अनेकदा दुसऱ्या दिवशी उगवतो. "सिंकखालचा अर्धा इंची अँगल कॉक आहे, मुठीखालून गळतोय, नट आवळून बघितला" असं सांगा. तो सामान घेऊनच येतो. आपल्याला समजतं हे त्याला कळलं की बोलण्याची रीतही बदलते आणि बिलाचीही. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि काय खराब झालं होतं ते दाखवायला सांगा. नवा कॉक पितळी आणि आयएसआय खुणेचा घ्या. जुना गेट व्हॉल्व्ह बदलायचाच असेल तर बॉल व्हॉल्व्ह बसवता येईल का, ते विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घराचा मेन कॉक. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढं, मुलगा परगावी. एका रात्री त्यांच्या बाथरूममधला बरेच दिवस गळणारा कॉक तुटला आणि पाण्याची धार लागली. मेन कॉक कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, ते काम नेहमी काका बघायचे. शेजारच्यांनी शोधला, तर तो इतक्या वर्षांत कुणी फिरवलाच नव्हता, जाम झालेला. शेवटी गच्चीवर जाऊन टाकीचं पाणी बंद केलं, तोवर अर्धा-पाऊण तास गेला. खालच्या घराचं छत भिजलं, नवा रंग गेला. पैसे कुणी द्यायचे यावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली. वर्षानुवर्षं एकत्र देवळात जाणाऱ्या दोघी त्या वर्षी क्षमावाणीलाही एकमेकींशी मोकळेपणानं बोलल्या नाहीत. छताचा रंग दोन दिवसांत होतो, हे नुकसान भरून यायला फार वेळ लागला.

त्या रात्री पाणी किती गेलं, याचा हिशेब कुणी केला नाही. पण मला काकूंचा चेहरा आठवतो. स्वतःच्या घरात, घोटाभर पाण्यात, काहीच करता न येणं ही लाचारी कुठल्याही बाईच्या वाट्याला येऊ नये. आपल्यापैकी कितीतरी जणी उतारवयात एकट्या राहणार आहेत. काही आजही राहतात. बँकेचं पासबुक, गॅसचा रेग्युलेटर, विजेचा मेन स्विच यांच्याच पंगतीत पाण्याचा मेन कॉक यायला हवा.

आणि तो नुसता माहीत असून उपयोग नाही, तो फिरता राहायला हवा. न वापरलेला कॉक क्षारांनी जाम होतो. अधूनमधून सगळे कॉक एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत. हे लक्षात कसं ठेवायचं? आपल्याकडे त्याची सोय आधीच आहे. कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ, अशा तीन अष्टान्हिका दर चार महिन्यांनी येतात. अष्टान्हिका सुरू व्हायच्या आठवडाभर आधी घरातले सगळे कॉक फिरवून बघायचे, असा नियम करा. पर्वाच्या दिवसांत नको, आधीच. आणि सकाळच्या वेळी, दुकानं उघडी असताना. कारण बरीच वर्षं न हललेला कॉक फिरवला की कधीकधी मुठीखालून ठिबकायला लागतो. तेव्हा घाबरू नका, वर सांगितलेला नट आठवा. फारच जाम असेल तर जबरदस्ती करू नका, तो बदलायची वेळ झाली आहे असं समजा.

मी एका कागदावर घरातल्या सगळ्या कॉकची यादी केली आहे. कुठला कॉक कुठं आहे, तो बंद केला की कुठलं पाणी बंद होतं, शेवटचा कधी फिरवला, कधी बदलला. एका बाजूला प्लंबरचा नंबर. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. जमाखर्चाच्या वहीसारखाच, आणि तितकाच उपयोगी.

"हे पुरुषांचं काम," असं सांगणाऱ्या मैत्रिणीही आहेत. मला विचाराल तर पाणी गाळणारे हात ज्या बाईचे, तिच्याच हातात ते बंद करायची चावी हवी. घरात पाणी भरायचं, गाळायचं, मोजून वापरायचं ते आपण. मग ते थांबवायचं ज्ञान तेवढं दुसऱ्याकडे का? सुनेला पाणी गाळायची रीत दाखवता ना, त्याच दिवशी मेन कॉकही दाखवा. मुलाला आणि नातवालाही दोन्ही शिकवा. पाणी गाळणं फक्त बायकांचं नाही आणि कॉक आवळणं फक्त पुरुषांचं नाही.

व्रत म्हटलं की आपल्यासमोर उपवास येतो, त्याग येतो. ते मोठंच आहे. पण श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे आणि ती पाळायला उपाशी राहावं लागत नाही. एक पाना लागतो, एक कोरडं फडकं लागतं आणि दहा मिनिटं लागतात. आज रात्री झोपण्याआधी सिंकखालचं कपाट उघडा आणि हात फिरवून बघा. हाताला ओल लागली तर उद्याच्या कामांच्या यादीत ते पहिलं काम लिहा.

जय जिनेंद्र.